घामाचा सिद्धान्त आणि मरून स्वेटर

शनिवार, सायंकाळ

आज अस्मादिकांचे वजन घटले आणि सायंकाळपूर्वीच स्वगृही परतले.

शेजारचे देशमुख ठासून सांगतात, "घाम म्हणजे वितळलेली चरबी, सर!" या सिद्धान्तावर श्रद्धा ठेवून, सुमनने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात विणलेला मरून स्वेटर अंगात कोंबला आणि भर वैशाखात पुंडलिकनगरची प्रदक्षिणा आरंभिली. स्वेटरची बटणे लागत नाहीत. येत्या हिवाळ्यात ती लागावीत, एवढीच महत्त्वाकांक्षा. पण हे तिला सांगायचे कसे?

वळणावर कडुनिंब तरंगू लागले. घरे मऊ, दूर, जणू पाण्याखाली. देहत्याग इतका सुखद असतो? कसाबसा एका ओट्यावर टेकलो, तर समोर भाजीची पिशवी घेतलेली सुमन.

"अवो, उन्हाळ्यात स्वेटर? डोकं ठिकाणावर हाय का?"

"मेदाचे निर्मूलन चालू आहे."

"घाम म्हणजे नुसतं पाणी व्हय! चक्कर येऊन पडले असते म्हंजी? मी काय करायचं होतं?" तिने दंडाला धरून मला उठवले.

घरी वजनकाट्याने विजय घोषित केला. मग तांब्याभर पाणी प्यालो आणि गमावलेले सर्व वैभव परत आले.

आता गच्चीवर मंद वारा आहे. सुमन त्याच स्वेटरच्या शिवणी उसवते आहे.

"हे काय?"

"पोट जाईल तवा जाईल. दोन्ही बाजूंना पट्ट्या घालते."

तिने वितीने माझे पोट मोजायला घेतले. मी सवयीने श्वास आत ओढला.

"सोडा," ती म्हणाली. "मला खरं माप पाहिजे."

सोडला.