सरळ रोवलेल्या मेढी

ता. ९ जानेवारी १९३२
नाटे गावाजवळच्या या वस्तीत आज दाखल झालो आणि जागा एकदम आवडली. घर दोनच खोल्यांचे, पण अंगण पक्क्या जांभ्या दगडाचे. बंदरावरून इथवर दीड कोसाची पायवाट: आधी खाडीकाठचे खाजण, मग मर्यादवेलीने धरून ठेवलेले वाळूचे ढिगारे, शेवटी समुद्राकाठची लांबच लांब पुळण. या वाटेचा खाजणातल्या चिखलातला तुकडा नीट आखायचा, एवढ्यासाठी मला पुण्याहून धाडले आहे. शेजारच्या भागूबाईंनी आल्या आल्या तिसऱ्यांचे कालवण आणि भात वाढला. लग्नाला चार वर्षे झाली, पण राही मुंबईत माहेरी आणि मी खानावळीत. आता महिनाअखेरीस ती इथे येईल आणि आमचा संसार एकदाचा सुरू होईल. फार आनंदात आहे मी.

ता. १२
खाजणातल्या वाटेवर ठोकलेल्या नऊ मेढी, जुने लाकडी खुंट, म्हणजे बैल मुतल्यासारखी रांग. लोक त्यांना वळसे घालत चिखल तुडवतात. मी त्या उपटून दोरी लावून सरळ रोवायला घेतल्या, तर होडीवाला केरू बांधावर बसून राहिला, हात लावीना. त्याचे म्हणणे, एकेक मेढ एकेका बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर ठोकलेली आहे, तो उठू नये म्हणून. मी एकट्यानेच काम उरकले. "सायेब, ह्या बरा नाय केलात," एवढेच म्हणून तो गेला. मला हसू आवरेना. राहीला लिहून टाकले, मला बंदरावर यायला उशीर झाला तर खुशाल पुढे निघ, माझ्या मेढी धरून चाल, कोणाचे ऐकू नकोस.

ता. १५
सकाळी खाजणातून एकटाच गेलो, दुपारी परतलो. वाटेवर माझीच पावले, पण आता वीतभर खोल. कोणीतरी नेमका त्यांतच पाय देत माझ्या मागून आले होते. केरूची चेष्टा समजलो. भागूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, चिखलात पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचे हे इथे पोरेसोरेही शिकतात. बुडालेलेही तेच शिकलेले. पुढचा चालतो तोवर ते मागे चालतात. तो थांबला की सगळे त्याच्याच पावलात येऊन उभे राहतात. वाटेत थांबू नका, असे त्यांनी दोनदा बजावले.

ता. १७
आज पुळणीवरही तेच. मागे माणूस नाही, आणि मी पाय उचलला की माझे उमटलेले पाऊल आणखी खाली जाते. नऊदा. मी मोजले. अंगणात कुलूप काढायला थांबलो तर जांभा पिठासारखा दबला, घोटे आत गेले. कसाबसा घरात पडलो. उंबऱ्याच्या आत ते येत नाहीत.

ता. १९
मेढी पुन्हा जुन्या जागी ठोकूया म्हणून केरूच्या पाया पडलो. तो होडीने जाऊन बघून आला. जुनी भोके भरतीने बुजली. मेढी रोवणारी माणसे हयात नाहीत, जागा कोणालाच ठाऊक नाहीत. राहीला येऊ नको म्हणून पत्र लिहून भागूबाईंकडे दिले.

ता. २२
तीन दिवस घरातच. अंगणात काही नाही. ते गेले — गेले नसतील, खाजणात परतले असतील. त्या वाटेने जो येईल त्याच्या मागे —
राहीचे पत्र आले. तिला करमत नाही, लवकर निघते आहे. भाऊ बोटीत बसवून देईल. उद्या सकाळी पोचते. माझे पत्र तिला मिळालेले नाही.

ता. २३
केरूला पहाटेच होडीने बंदरावर धाडले. एकटाच परतला. बोट लवकर लागली होती. लोकांनी अडवले तर राही म्हणाली, वाट आमच्या ह्यांनीच आखली आहे. बोचके घेऊन निघाली. केरूने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.
मी केले हे. मीच लिहिले, कोणाचे ऐकू नकोस.

थोड्या वेळाने
दिसली. पुळणीवरून झपाझप येते आहे. मागे कोणी नाही — पण खड्डे. गुडघाभर. ढिगाऱ्यांपर्यंत सगळे खड्डे. मी खिडकीतून ओरडतो, वारा ऐकू देत नाही. दाराशी जातो, पाय बाहेर पडत नाही. भ्याड आहे मी.
मला बघून हसली.

अंगणात आली. आत ये म्हणतो — मान हलवते. पाय बरबटलेत, नव्या घरात अशी कशी येऊ म्हणते. "अहो, आधी पायांवर पाणी घाला."
उभी आहे. थांबलीय —
गुडघे गेले — ती अजून हसते — हे काय हो म्हणते —
कंबर — बोचके टाकले — दोन्ही हात माझ्याकडे —
राही, मी उंबरा ओलां