आपापल्या फेजवर

६ मे
पुन्हा तेच. दुपारी एक फेज गेला आणि सगळी राहनाळची गल्ली खटका फिरवून दुसऱ्या फेजवर जायला धावली. घरं तीन फेजांवर वाटलेली. एक मेला की त्याची घरं उरलेल्या दोघांच्या उरावर. अर्ध्या तासात दुसराही उडाला, मग तिसरा. चंद्रपुरात कोळसा जळतो, कोयनेत पाणी कोसळतं, अर्धा महाराष्ट्र ओलांडून वीज इथवर येते, आणि गल्लीच्या तोंडाशी आम्हीच तिचा गळा दाबतो.
दादाच्या ऑक्सिजन मशीनला इन्व्हर्टर जेमतेम तीन तास. त्याचं आयुष्य लूमवर, यंत्रमागावर गेलं, कापसाची धूळ छातीत बसली.

७ मे
संध्याकाळी चौकात सभा. मी बोलले. मागणी एकच, दुसरा ट्रान्सफॉर्मर. तोवर फेज बदलायचा खटका कोणाच्याच घरात नको. ज्याचा फेज जाईल त्याने सोसायचं, आणि त्याच्यासाठी सगळ्या गल्लीने वीज कार्यालयात जायचं.
समोरचे लूमवाले नसीरभाई : "ताई, पहिला खटका किसका?"
"माझा."
टाळ्या. शेजारची हिराकाकू : "बोलाया काय जातंय? काढून दाखीव."
दाखवला. मग घराघरातून निघाले, पोतंभर.
घरी दादा : "भाषण तुझं, श्वास माझा. मला इचारलंस?"
नव्हतं विचारलं.

११ मे, सकाळ
सव्वानऊला फेज गेला. आमचाच. वायरमन म्हणतो केबल जळाली, आज होईलच असं नाही. दादाला म्हटलं दवाखान्यात चल. "जायचा न्हाय."
साडेअकराला इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला. नसीरभाईंचा फेज चालू होता, त्यांनी खिडकीतून वायर पुढे केली. "सिर्फ मशीन. पंखा भी नहीं."
हिराकाकू दारात, कमरेवर हात. तिचाही फेज तोच. फ्रिजमध्ये नातीचं दूध. "तू घेतीस, मंग मी का न्हाय?"
गल्लीत उतरले. सगळ्यांसमोर म्हटलं, घेतेय, चोरून नाही. ज्याच्या घरात श्वास वायरीवर चालतो त्याने हात वर करावा. एकही हात नाही. मग एवढी एकच वायर.
काकू : "नेम तूच केलास, मोडलास बी तूच."
खरं आहे. तरी घेतली. पुन्हा घेईन.

११ मे, दुपार, वीज कार्यालय
गल्लीतून अकरा जण आलो. काकूही, माझ्याशी बोलत नाही, पण आली. साहेब बाहेर गेलेत म्हणे, उद्या या. म्हटलं, अर्जाची पोच द्या, नाहीतर हा बाक आमचा. कारकुनाने पंखा बंद केला. बसलो.

त्याच दिवशी, साडेतीन
दादाचा फोन. "मशीन चालू हाय. पण नसीरच्या घरातनं आणिक दोन वायरी गेल्यात." म्हणजे हाही फेज फार वेळ टिकणार नाही.
काकूने ऐकलं. सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "तू जा. कागुद मी धरते. वाचाया येत न्हाय मला, पर सोडाया बी येत न्हाय."
रिक्षात लिहितेय. अंजूरफाट्याला ट्रकांची रांग, हलत नाही. गल्लीत शिरल्यावर पहिला शब्द काय बोलायचा, अजून सुचलेलं नाही.