निलेशच्या घरचा किराणा

२२ एप्रिल २०२१, गुरुवार. सकाळी ६.४०

किराणा दुकानासमोर चुन्याच्या गोलात उभा राहून हे लिहीत आहे. शटर सातला उघडेल, अकराला पडेल. पुढे बरीच माणसे. खिशात दोन चिठ्ठ्या, एक निलेशच्या घरची, एक गजाननची. मिसळू नयेत म्हणून एक डाव्या खिशात टाकली, एक उजव्या. मग उजवी कोणाची ते आठवेना. दोन्ही पुन्हा उघडल्या.

निलेश आणि त्याची आई दोघेही पॉझिटिव्ह, बोरगावच्या घरात बंद. काका, म्हणजे त्याचे बाबा, सोमवारपासून दवाखान्यात. गजाननच्या पायाला प्लास्टर, त्याच्या आईला दमा, म्हणून तेही घरात. मी ज्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे ते बंद. म्हणून मीच म्हटले, मी आणून देतो. म्हणताना सोपे वाटले होते.

रांगेतच गजाननचा फोन. "मंग्या, डाळ पाहून घेजो बे. मागची शिजता शिजता सिलिंडर संपलं."

डाळ कशी पाहून घेतात? दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, डोळ्यांनी.

२४ एप्रिल, शनिवार

नि.च्या घरची पद्धत आता बसली. गेटच्या आकड्याला पिशवी अडकवायची, नालीपलीकडे जाऊन उभे राहायचे, मग काकू, म्हणजे त्याची आई, येतात. सामान आत नेतात. मोसंबी तिथेच ओट्यावर बसून एकेक दाबून पाहतात, चांगली निवडतात आणि काकांसाठी वेगळ्या पिशवीत भरून परत आकड्याला लावतात. ती मी दवाखान्यात नेतो.

ही पिशवी खाकी. काकांच्या कंडक्टरकीच्या शर्टाची, काकूंनीच शिवलेली. शर्टाचा खिसा बटणासकट बाहेरून तसाच ठेवला आहे.

"मंगेश, हेच पिशवी त्यायच्यापर्यंत गेली पाह्यजे बरं. दुसरीत नको टाकजो. हे दिसली का त्यायले समजते, घरून आलं म्हणून."

दवाखान्याच्या फाटकावर चिठ्ठी चिकटवून दिली. नाव, वॉर्ड, खाटेचा नंबर. शिपायाने न वाचताच टेबलावर ठेवली. पोचली असेल का? परत जाऊन विचारले. तो म्हणाला, "पोचते ना भाऊ, तू काय सोनं पाठवून राह्यला का?"

२७ एप्रिल, मंगळवार

दुपारी नि.चा फोन. "बाबा गेले."

मी विचारले, "कुठे?"

नंतर समजले. असे कसे विचारले मी.

नि.ला बाहेर पडता येत नाही. बहीण नागपूरला, तिच्या घरीही तेच. म्हणाला, "तू जाशीन का?" गेलो. स्मशानात पांढरे प्लास्टिक घातलेली दोन माणसे. मला लांब उभे केले. त्यातल्या एकाने कागदावरचे नाव मोठ्याने वाचले, बरोबर का म्हणून विचारले. बरोबर होते. सही केली. मी त्यांचा कोण, त्या रकान्यात काय लिहायचे ते समजेना. "शेजारी" लिहिले. शेजारी नाही खरे तर.

दवाखान्याने एक थैली दिली. चष्मा, मोबाईल, खाकी पिशवी. पिशवीत शनिवारची तीन मोसंबी तशीच.

२८ एप्रिल, बुधवार

सकाळी माझ्या कपाटात काकांचा फोन वाजला. वर "घर" असे नाव आले होते. थांबेपर्यंत हातात धरून उभा राहिलो. मग बंद केला.

लगेच नि.चा फोन, हळू आवाजात. "आईले नाई सांगायचं. ऑक्सिजन नव्वद येऊन राह्यला तिचा. डॉक्टर म्हणे, आत्ताच धक्का नको. आठ दिवस काढू."

"आणि मोसंबी?"

"ते मागीनच. तू घेऊन जात जा."

"कुठे घेऊन जाऊ?"

त्याने फोन ठेवला. मी त्याला टोचायला विचारले नव्हते. मला खरेच समजत नव्हते.

किराणा आणि रिकामी केलेली खाकी पिशवी लावायला गेलो तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाल्या, "सकाळी फोन वाजत होता त्यायचा. आता बंद येते. काऊन रे?"

मी म्हटले, तोंडाला मशीन लावली आहे, बोलता येत नाही, म्हणून नर्सने बंद करून ठेवला असेल.

हे सगळे माझ्या तोंडून एका दमात आले. पहिल्यांदाच.

३० एप्रिल, शुक्रवार

मोसंबी न आणता आणली म्हणता येत नाही, कारण काकू ती स्वतः निवडतात. म्हणून आणली. त्यांनी निवडली, भरली. "हे दोन वरून ठेवली, पातळ सालीचे. त्यायले सोलता येत नाई. नर्सबाईले सांगजो, सोलून द्या म्हणा."

पिशवी हँडलला लावून दवाखान्याच्या रस्त्याने निघालो. त्याच रस्त्याने का? काकू गेटातून वळणापर्यंत पाहतात, म्हणून. पण वळणानंतरही मी दवाखान्यापर्यंत गेलो. फाटकासमोर सायकल उभी केली. शिपायाने ओळखले, हात पुढे केला. मी परत फिरलो.

मोसंबी माझ्या खाटेखाली. पिशवी संध्याकाळी परत करायची, रिकामी. केली.

२ मे, रविवार

आजच्या चिठ्ठीत शेवटी: टिकल्यांचे पाकीट १, मरून, मोठ्या.

दुकानात बराच वेळ घालवला. मागचा माणूस ओरडला, "अरे भाऊ, टिकल्या घेऊन राह्यला का सोयरीक करून राह्यला?" सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

घेतले पाकीट. न घेऊन काय कारण सांगणार? संपल्या म्हटले असते तर चालले असते. हे घरी आल्यावर सुचले. पण संपल्या म्हटले असते तर ते जास्त खोटे झाले असते की कमी?

नि.ला फोन केला. तो म्हणाला, "मले नको विचारू असे प्रश्न."

४ मे, मंगळवार

खाटेखाली आता तीन वेळची मोसंबी. मऊ पडू लागली. आईने विचारले, हे कोणाचे? मी म्हटले, निलेशच्या घरचे. ती म्हणाली, मग खाटेखाली काऊन? मी मनात म्हटले, आम्ही तर खाऊ शकत नाही. फेकूही शकत नाही.

गजाननला खरे माहीत आहे, त्याच्या आईला नाही. त्याला विचारले. तो म्हणाला, "माह्या आईले देऊन टाक. फळ फळ असते."

माझ्या दोन्ही पिशव्या साबणाच्या पाण्यात भिजत होत्या, रोज धुतो. म्हणून खाकी पिशवीतच भरून दिली. ती माझ्याकडेच होती, कारण आजची मोसंबी भरून काकूंनी दिली होती. मावशींना, म्हणजे गजाननच्या आईला, सांगितले, पिशवी मी संध्याकाळी नेतो. संध्याकाळी पाऊस आला, विजा. गेलो नाही. उद्या सकाळी आठला नेऊन गेटाला लावीन.

५ मे, बुधवार

आठला गजाननकडे गेलो. खिडकीतून म्हणाला, "पिशवी? ते तर आईनं पोचवली ना बे."

"कुठे?"

"निलेशच्या घरी. खिसा पाहून वळखली तिनं, कंडक्टरसाहेबाचा शर्ट म्हणून. आमच्याकडे कोणाची पिशवी रिकामी जात नाई, म्हणून कुरडया टाकल्या. सकाळीच दूध आणाले गेली तं गेटाले अडकवून आली."

"मावशींना दमा आहे ना! बाहेर कशा गेल्या?"

"मले काय सांगतं? तिले सांग."

आतून मावशींचा आवाज. "मंगेश, त्या माउलीनं एवढ्या त्रासात मोसंबी पाठवली, मी चार कुरडया नाई पाठवू?"

म्हणजे जी पिशवी दवाखान्यात गेलेली असायला पाहिजे, ती कुरडया घेऊन काकूंच्या गेटवर. आज तिकडे गेलो नाही. नि.ला मेसेज टाकला, ताप आल्यासारखा वाटतो. वाटतही होता.

६ मे, गुरुवार

गेलो. पिशवी लावली, नालीपलीकडे उभा राहिलो. काकूंचा दम आता बराच कमी आहे. सामान काढून घेतले, तेल, रवा, साबण. मग म्हणाल्या,

"कुरडया चांगल्या हायेत. गजाननच्या आईचा हातच तसा."

मी थांबलो. पुढे काही येईल म्हणून.

"मोसंबी आता नको आणजो. महाग झाली."

"पण काकांना..."

"त्यायले काय लागते आता. दवाखान्यात सगळं भेटते म्हणते."

रस्ताभर हे वाक्य मनात म्हणत आलो. दर वेळी वेगळे वाटले. त्यांनी फोनबद्दलही आज विचारले नाही. की मीच घाईने निघालो?

नि.ला सांगितले. तो म्हणाला, "नाई बे, काई समजलं नाई तिले. जेवली पोटभर. रात्री मालिका पाह्यली."

९ मे, रविवार

आठ दिवस कधीच झाले. दहावा दिवसही गेला. नि.ने काहीच केले नाही. "केस कसे काढू? आई पाहीन ना." अस्थी स्मशानातल्या खोलीत नंबर टाकून ठेवल्या आहेत, पावती माझ्याकडे.

त्याच्या आईचा ऑक्सिजन आता शहाण्णव. मी म्हटले, मग सांग. तो म्हणाला, उद्या. मग म्हणाला, "तूच सांग न मंगेश. तू होता तिथं. मी तं पाह्यलंही नाई."

हे त्याचे खरे आहे. पण मी सांगू? मी त्या कागदावर शेजारी आहे.

गजानन म्हणतो, "दोघंही सारखेच भित्रे. एक प्लास्टर काढू द्या, मीच जाऊन सांगतो." प्लास्टर निघायला अजून वेळ आहे. त्यालाही ते माहीत आहे.

१२ मे, बुधवार

परवा अक्षय तृतीया. आज चिठ्ठी नव्हती. काकू गेटापर्यंत आल्या, मास्क लावून.

"मंगेश, घागरी लागते. कुंभाराकडे मागच्या दारानं भेटून जाईन."

मला माहीत आहे, त्यांच्या घरी या दिवशी पितरांसाठी एकच घागर भरतात. काकांच्या वडिलांची. दर वर्षी काका स्वतः आणायचे, कुंभाराशी घासाघीस करत.

मी म्हटले, "एक ना?"

"दोन आणजो."

नि. दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो आत गेला.

"आणि मंगेश, वाजवून पाहून घेजो. चिरेची नको." पदराच्या गाठीतून पैसे काढले, मोजले, गेटच्या खांबावर ठेवले, वर दगड ठेवला.

दोन म्हणजे? एक पिण्याच्या पाण्याला असेल. ऊन किती आहे. त्यांचा जुना माठ गेल्या वर्षी झिरपत होता, असे काका एकदा बोलले होते. बोलले होते का? की ते गजाननच्या घरचे?

१३ मे, गुरुवार

कुंभाराच्या अंगणात पाच-सहा माणसे, कोणी कोणाकडे पाहत नव्हते. त्याने माझा आकडा ऐकला आणि विचारले,

"एकाच घरच्या दोन? नवीन गेलेला माणूस हाये का?"

मी एक घागर उचलून पाहिली.

"नवीन असन तं यंदा नाई भरत बाप्पा. वर्ष झाल्यावर भरते. आमच्याकडे तसंच हाये. पण यंदा सगळेच भरून राह्यले, कोण थांबते वर्षभर."

आता हे नवीनच. वर्षाआधी भरत नसतील, तर काकूंना हे माहीत असणारच. मग दुसरी घागर काकांची नाही. म्हणजे पाण्याची. पण मग पाण्याला माठ सांगितला असता, घागर का?

दोन्ही वाजवून घेतल्या. आवाज चांगला आहे. सायकलच्या दोन्ही बाजूंना बांधून हळू आणल्या. काकूंनी एकेक हातात घेऊन पुन्हा वाजवल्या. म्हणाल्या,

"उद्या बाराला जेवायले येजो. पितर म्हणून कोणी येत नाई आता या बिमारीत. दरसाली यायचे ते पंढरीभाऊही नाई राह्यले. तू बसजो पाटावर."

"मी?"

"इतके दिवस आमच्या घरचं सामान वाहून राह्यला. बस एक दिवस."

"कोणाच्या..." एवढेच म्हणालो. नि. खिडकीत होता, मान हलवत होता. हो म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही. काकू घागरी घेऊन आत गेल्या होत्या.

१४ मे, शुक्रवार. सकाळी ११.२०

आंघोळ केली. धुतलेला सदरा. आई म्हणाली, पितर म्हणून बसतात तेव्हा काही विचारायचे नसते, वाढले ते खायचे.

नि.चा फोन आला. "दोन पाट मांडले तिनं. तू सांगितलं का तिले काई?"

"नाही. तू?"

"नाई."

मागून तळणाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "कोणत्या पाटावर बसशीन?"

मी म्हटले, त्या सांगतील त्या.

काकांचा फोन, चष्मा आणि अस्थींची पावती एका स्वच्छ पिशवीत भरली. काढली. पुन्हा भरली. नेऊ का? हातात दिसेलच. सायकलच्या कॅरिअरला लावून ठेवतो. मागितले तर देता येईल. पण मागतील कसे, त्यांना माहीत नसेल तर?

जायच्या आधी हिशेब पूर्ण करून ठेवतो, एवढे तरी नीट असू दे.

निलेशच्या घरचा किराणा, आजपर्यंत: ४,३८० रु. मिळाले ३,०००. येणे १,३८०.
गजाननचा किराणा: २,१६०. मिळाले २,०००. येणे १६०.
२७ तारखेनंतरची मोसंबी: ५४०. निलेशच्या हिशेबात धरली नाही. माझ्याकडे.
टिकल्यांचे पाकीट: १०. हेही माझ्याकडे.
घागरी २, दर ८०: १६०. काही येणे नाही. काकूंनी घ्यायच्या आधीच दिले होते, मोजून, दोन्हींचे.