कालव्यातली शिवण

अण्णा, माझी शाळा तिसरीपर्यंतच, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. परवा धाकट्या भावानं पेपर वाचून दाखवला. सुएझचा कालवा बंद झालाय, बोटी आतच अडकल्यात. म्हणाला, अक्का, तू इथूनच गेली होतीस ना? मी हो म्हटलं आणि भात लावला.

तुम्ही छावणीतल्या पलटणींचे तंबू शिवायचात, समुद्र कधी पाहिला नव्हतात. छावणीतल्या साहेबाला विलायतेला परत जायचं ते स्वतःच्या शिडाच्या होडीतून, आणि शिडं हवीत तुमच्याच हातची. एवढं कापड अंथरायला जागा नव्हती, म्हणून देवळाचा मंडप मागितलात. पुजारी म्हणाले, स्वल्प बाजूला घ्या, देवाला वाट ठेवा. एका बाजूनं तुम्ही शिवताय, दुसऱ्या बाजूनं मी. तुमचे डोळे अधू झालेले सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. सुईत दोरा तुम्ही बोटानं चाचपून ओवायचात. माझी शिवण वाकडी गेली की मात्र तुम्हाला बरोबर कळायचं.

"उसव. वारा तुझी मर्जी बघत नाही."

तीनदा उसवायला लावलंत. पुढं साहेबाच्या मडमेला कालव्यापल्याडच्या पोर्ट सईदपर्यंत स्वैपाकाला आणि शिडं सांधायला बाई हवी होती, तर तुम्ही मला, पोटच्या लेकीला, धाडलंत. नवरा गेल्यापासून मी घरातच होते. लोक नको ते बोलले. तुम्ही म्हणालात, तंबूबरोबर शिंपी जातो, मग शिडाबरोबर का नको.

तांबड्या समुद्रात वारा सारखा समोरून. मोठं शीड फाटलं. साहेब म्हणाला, कालव्यात शीड उभारायची परवानगीच नाही, तेवढ्यात शिवून घे. म्हणजे दोन दिवस बारकं इंजिन धुडधुड करतंय, कालव्याचा वाटाड्या मागं बसून चहात साखर मागतोय, आणि मी तळहाताला कातड्याची पट्टी बांधून शिवतेय. मडम म्हणते, बघ बघ. पुढची मोठी बोट वाळूतून चालत गेल्यासारखी दिसत होती. एकदा बघितलं. दोन समुद्रांच्या मधून गेले, पण आठवतं ते मांडीवरचं कापड. तुमचे टाके एक लांब, एक आखूड, काहींनी तर खालचा पदर धरलाच नव्हता. ते उसवताना मला काही वाटलं नाही. हाताला काम होतं.

पोर्ट सईदहून साहेबानं मला आगबोटीत बसवून दिलं. मुंबईहून गाडीनं घरी पोचले, गाठोडं अजून हातात होतं. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. तुम्ही एकच विचारलंत.

"शिवण टिकली का?"

मी दमले होते. म्हटलं, "तुमची गेली. डोळे गेलेत अण्णा, आता पुरे करा."

तुम्ही म्हणालात, "सरी. बरं."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दाराशी बसायला लागलात. तंबूचं काम आलं की माझ्याकडं बोट दाखवायचात. सुई परत हातात घेतली नाहीत. जेवायचात, झोपायचात, त्यानंतर आठव्या महिन्यात गेलात. मी रडले नाही, आताही रडू येत नाही. लोक म्हणतात, अक्का तोंडावर खरं बोलते. बोलले त्याचं वाईट वाटत नाही. शिवण गेली होती, डोळेही गेले होते.

हा कागद धाकट्याला दाखवणार नाही. ते शीड आधी माझ्या बाजूनं फाटलं, अण्णा. तुमची शिवण नंतर गेली, माझीच फाट वाढत जाऊन. कालव्यात शिरल्या शिरल्या मी माझी बाजू शिवून टाकली, आणि मग दोन दिवस सगळ्यांसमोर तुमची शिवत बसले. तुम्ही विचारलंत तेव्हा हे सांगायचं राहून गेलं असं नाही. मी सांगितलं नाही.