साठ ट्रॅकचं गाणं

प्रिय ठमे,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांनी गच्चीच्या दाराला पुन्हा रंग दिला आणि ते पुन्हा चिकटून बसलं, एवढीच काय ती बातमी. फोनच केला असता, पण तू "बोल ना" म्हणालीस की मला काही सुचत नाही.

गेल्या महिन्यात आलीस तेव्हा म्हणालीस, जुना लॅपटॉप निकालात निघालाय, नवा टायपिंगपुरता असला की झालं. तू सहज बोललीस, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. तो जुना लॅपटॉप टायपिंगसाठी घेतलाच नव्हता आपण.

म्हणून सुटीच्या दिवशी दुकान गाठलं. गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर ज्याला झेपेल असा दाखवा म्हटलं. तिथल्या चष्मेवाल्या मुलीने मला खालून वर न्याहाळलं आणि लाल दिव्यांचा, खेळ खेळायचा एक धटिंगण पुढे ठेवला. मी हो म्हणणारच होते, पण आमच्या दवाखान्यात दाढेच्या कामासाठी येणारे एक रेकॉर्डिंगवाले आठवले. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत आ वासून बसले होते, तेव्हाच मी उपकरणं मांडता मांडता विचारायला सुरुवात केली. बिचारे बोटांनी उत्तरं देत होते. डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हा मी पुन्हा उपकरणांकडे वळले.

तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. खेळांसाठीचं ते भारी ग्राफिक्स कार्ड गाण्यांच्या फारसं कामाचं नाही. मेमरी बत्तीस जीबी असलेली बरी, कारण एकेका वाद्याचे शेकडो आवाज तिच्यात भरावे लागतात. प्रोसेसर दमदार हवा. पंखा मुकाट फिरणारा हवा, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये शिरते. नुसतं वाचून घेऊ नका म्हणाले, आणि स्वतःचं साठ ट्रॅकचं एक गाणं पेनड्राइव्हवर दिलं. हे वाजवा, चरचर झाली तर उठून या.

पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा दुकानात गेले. पहिल्या दोन लॅपटॉपनी मान टाकली. तिसऱ्यावर ते गाणं न अडखळता वाजलं. मी हेडफोन लावून बसले होते. पडद्यावर रंगीत पट्ट्याच पट्ट्या, एकेका ट्रॅकची एकेक. मुलीने एकेक पट्टी वेगळी वाजवून दाखवली. एकीत नुसती टाळी, एकीत गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वास. तो श्वाससुद्धा कोणीतरी बसून हाताने जागेवर लावलेला असतो म्हणाली. ठमे, मला भर दुकानात रडू आलं. मी काय पुसलं होतं ते मला पाच वर्षांनी दिसलं.

तेव्हा तू परीक्षेला गेली होतीस. लॅपटॉप अडखळत होता, पंखा बोंबलत होता. दिवसभर उपकरणं उकळून काढणारी बाई मी, साफ केलं की सगळं सुधारतं एवढंच मला ठाऊक. तुला खूश करायला म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडून पुसून आणला. दोन वर्षांची अकरा गाणी गेली. तू पाहिलंस, "असू दे, आई" एवढंच म्हणालीस आणि पुन्हा कधी गाण्याचं नाव काढलं नाहीस. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले की दुरुस्तीवाल्याने घोळ घातला. खरं ते आज सांगते. त्याने मला विचारलं होतं, आतलं काही ठेवायचंय का? मी म्हटलं, पोरीचे खेळ आहेत, काढून टाका.

चुकलं माझं. मला माफ कर. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण आईपणाचा तोरा आडवा आला. तो तिसरा लॅपटॉप शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलाय. खरं तर थेट तुझ्याकडे पाठवणार होते, दुकानात खोकंसुद्धा बांधून झालं होतं. पत्ता लिहिता लिहिता थबकले, कारण याही वेळी मी तुला विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र. तुला पुन्हा गाणी करायची आहेत का? नसतील तर सरळ नाही म्हण, मी चकार शब्द काढणार नाही. रागावायचं असेल तर पाच वर्षांचं एकदाच रागाव, मी ऐकून घेईन. फक्त "असू दे" म्हणू नकोस.

उत्तराची वाट पाहणारी, तुझीच
आई