स्क्रीनच्या मधला बांध

ती. दाजींना,

अजिनाथचा साष्टांग नमस्कार. आक्काचा खोकला गेला का? शेळ्या व्याल्या का? आम्ही इकडे मजेत, आणि मी तर परवापासून जमिनीवर नाही. कारण ऐका.

घरात कॉम्प्युटर एक आणि हक्कदार दोन. आमच्या ऋतुजाला नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायची असते, तिच्या आईला, विजयमालाला, शेंगा चटणीच्या ऑर्डरी बघायच्या असतात. रोजची भांडणं. परवा मला कळलं, की आपल्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्समध्ये एक विंडो माऊसने धरून डाव्या कडेला नेली, की ती बरोबर अर्धी जागा धरून बसते. दुसरी उजवीकडे न्यावी, तीही बसते. दाजी, मोजणीदार नाही, तलाठी नाही, आणि वाटणी झाली! (आपल्या भावकीत इतक्या सुखाने कधी झालीय?) टॉवेलच्या कारखान्यात मी सगळ्यांना सांगून आलो. माऊस एकच आहे, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. मग विहिरीच्या पाण्यासारख्या पाळ्या लावून दिल्या. पण मधली रेघ धरून सरकवता येते, हे विजयमालाला कुणी सांगितलं कोण जाणे. (मीच सांगितलं.) तिची पाळी आली की ती बांध कोरायला लागली. पोरीकडे पट्टीएवढी जागा उरली.

त्यातच काल कॉम्प्युटरवरच मुलाखत. पुण्याची कंपनी, पोर वर्षभर आस लावून बसलेली. साहेबांनी तिचं काम दाखवायला सांगितलं, आणि पोरीने घाईत आपली विंडो दाखवायच्या ऐवजी अख्खी स्क्रीनच दाखवली. कामाशेजारी चटणीचे फोटो. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तर ऋतुजा तोंड उघडायच्या आत तिची आई मागून पुढे. "शेंगा चटणी हाय की. लई तिखट न्हाय. पाठवू का?" साहेब हसले आणि पत्ता सांगितला. ऋतुजा तेव्हापासून आईशी बोललेली नाही.

आपला,
अजिनाथ

ता. क. आत्ताच मेल आली. ऋतुजाला घेतलं! सोमवारी पुण्याला रुजू व्हायचंय. मायलेकी गळ्यात पडून मोकळ्या झाल्या. मी विजयमालाला म्हणालो, आता अख्खी स्क्रीन तुझीच. तिने रेघ ओढून बरोबर मधोमध आणली आणि पोरीची बाजू तशीच रिकामी ठेवून ऑर्डरी बघत बसली.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर आता याच्यासाठी धाडतोय. रविवारी तुम्ही मुक्कामाला या. सोमवारी पोरीला गाडीत बसवायला कुणीतरी घट्ट काळजाचं माणूस पाहिजे. आम्ही दोघंही त्या कामाचे नाही.