चौकातल्या भिंतीवरची अक्षरं

अण्णा, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे कळंबात फक्त तिघांना माहीत होतं. आईला, चाचाला आणि मला. बाकी सगळ्या गावाला वाटायचं की हा माणूस मराठी लिहितो, उर्दू लिहितो, दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणजे मोठा शिकलेला असणार. तुम्हीही ते तसंच राहू दिलंत. कुणी कागद पुढं केला की तुम्ही तो डोळ्यांपासून लांब धरायचात, कपाळाला आठी घालायचात आणि म्हणायचात, "बरं, बघतो." घरी आल्यावर तो कागद चुलीजवळच्या उजेडात धरून तुम्ही अक्षरं नुसती बघत बसायचात, बैलाची शिंगं किंवा मोराची मान बघावी तशी. मग कोळशानं जमिनीवर काढायचात, आणि ती हुबेहूब यायची. काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसायचं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, काय लिवलंय ते कुणाला इचारा तरी." तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "चित्राला काय इचारतीस?"

तुमच्या मोठेपणाची सुरुवात आईच्या तोंडून ऐकलेली आहे, म्हणून तेवढी तरी मी रागाशिवाय आठवू शकते. तुम्ही बाजारात आडत्याकडं हमाल होतात. ज्वारीची पोती वाहता वाहता एका दुपारी तुम्ही गोदामाच्या भिंतीवर कोळशानं एक बैल काढलात. शेठजी चिडून आले, भिंतीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर माझा पवळ्या!" बैल ओळखला गेला आणि तुमच्या पाठीवरचं पोतं उतरलं. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. काव, नीळ, काजळी, डिंकाचं पाणी हे सगळं तुम्ही चुकत चुकत स्वतःच जमवलंत. शिंदीचं देठ ठेचून कुंचले केलेत. लग्नघरांचे हत्ती, देवळाचे द्वारपाल, दर्ग्याच्या कमानीवरच्या वेली, सगळं तुमच्या हातचं. आपल्या घराच्या भिंतीवर मात्र एक रेघ नव्हती. मी एकदा दारावर पोपट मागितला तर म्हणालात, "इथं कोण बघाया येतंय?" मी सात-आठ वर्षांची असेन. घरात आम्ही दोघी होतो, रोज बघणाऱ्या. हे वाक्य मी विसरले नाही.

आणि चाचा, तुमच्या जोडीचे गवंडी. गावात त्यांच्यासारखा चुना कुणी भिजवत नव्हतं. तुमच्या प्रत्येक भिंतीखाली त्यांचा हात होता. आधी ते गिलावा करायचे, तळव्यानं भिंत चाचपायचे, मगच तुम्हाला म्हणायचे, "अब लिख." तुमचे रंग टिकायचे ते त्या चुन्यामुळं, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. मी तुमची भाकरी घेऊन दुपारी यायचे तेव्हा चाचा मला शेजारी बसवून ओल्या चुन्यावर बोटानं अक्षर काढायचे. "बेटी, ये अलिफ. सीधी काठी. इसकू टेढा नक्को करना." त्यांची धाकटी मुलगी शाळेत जायची. तिचं पहिलं पुस्तक त्यांनी मला दिलं होतं, ते मी धान्याच्या कणगीमागं ठेवायचे. वर्षभरात मी अडखळत का होईना उर्दू वाचू लागले. तुम्हाला सांगायचं मनात यायचं. पण तुम्हाला न येणारी गोष्ट मला येते, हे सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

मग ते वाईट वर्ष आलं. संस्थानाच्या बाजूनं हत्यारं घेतलेली माणसं घोड्यांवरून, लॉऱ्यांतून गावोगाव फिरत होती. कितीतरी घरचे कर्ते पुरुष हद्द ओलांडून बार्शीकडं गेले होते. अशा दिवसांत एका सकाळी चौघं जण आपल्या दारात आले. त्यांतल्या मोठ्या मिशीवाल्यानं तुम्हाला उर्दूत लिहिलेला कागद दिला आणि चौकातली लांब भिंत दाखवली. त्या भिंतीवर तुमची हत्तींची मिरवणूक होती, आयुष्यातलं तुमचं सगळ्यात मोठं काम. मला वाटलं तुम्ही हात जोडाल, काहीतरी कारण सांगाल. तेवढ्यात तो म्हणाला, "सुना है, तुम्हारे जैसा हाथ पूरे जिले में नहीं." तुमचा चेहरा मी पाहत होते, अण्णा. भीती होतीच, पण भीतीच्या वर दुसरं काहीतरी आलं. तुम्ही लाजलात. लग्नातल्या नवऱ्यासारखे लाजलात. दुपारपर्यंत तुम्ही स्वतःच्या हातांनी हत्तींवर चुना फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन आले तेव्हा अर्धा मजकूर झाला होता. अक्षरं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. काळीभोर, वळणदार, पुरुषभर उंचीची. मी एकेक शब्द लावत गेले. हद्दीपलीकडं गेलेल्यांना जो कुणी अन्न देईल, निरोप देईल, त्याचं घर जाळलं जाईल, असं ते होतं. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "अण्णा, हे लिहू नका. हे घरं जाळायचं हाय."

"तुला काय कळतंय?"

"मला वाचता येतं."

तुम्ही कुंचला खाली ठेवलात आणि भर चौकात माझ्या मुस्काटात मारलीत. "पोरीची जात! मला शिकवतीस?" आजूबाजूचे दुकानदार बघत होते. तुम्ही मग परत भिंतीकडं वळलात आणि राहिलेलं अर्धं पूर्ण केलंत. न कळता लिहिलंत असं मी पुढं स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण अर्धं न कळता होतं. उरलेलं अर्धं मी सांगितल्यावर होतं.

त्या महिन्यात आपल्या गल्लीच्या टोकाचं तेल्याचं घर जाळलं. त्याचा भाऊ हद्दीपलीकडं होता आणि म्हातारीनं त्याच्यासाठी कुणाबरोबर तरी शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. पण भिंतीवर चुनाही फिरवला नाहीत.

पुढं भादव्यात हद्दीपलीकडून फौज आली. चार-पाच दिवसांत सगळं उलटलं. मिशीवाला, त्याची माणसं, लॉऱ्या, कुठं गेल्या कळलं नाही. मागं उरली ती साधी माणसं, आणि भिंतीवरची तुमची अक्षरं. एका दुपारी आपल्या दारात वीस-पंचवीस जण आले. हातात काठ्या, कुऱ्हाडी. पुढं त्या तेल्याचा भाऊ होता. तो ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "चौकात तू लिवलंस?"

"व्हय. हात माझाच हाय," तुम्ही म्हणालात.

"का लिवलंस?"

अण्णा, "मला वाचता येत न्हाय," एवढं म्हणायचं होतं. कदाचित त्यांनी विश्वास ठेवला नसता, कदाचित चार काठ्या बसल्या असत्या. पण ते खरं होतं, आणि आम्ही दोघी साक्षीला होतो. तुम्ही एकदा आईकडं पाहिलंत, एकदा जमिनीकडं. मग म्हणालात, "कागद चाचानं आणला. त्येनंच गळ घातली. म्या गरीब माणूस, न्हाय म्हणता आलं न्हाय."

कागद आला तो सगळा आठवडा चाचा गावात नव्हते. थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला ते उस्मानाबादला गेले होते. तुम्हाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं आणि मी उंबऱ्यात उभी होते. माणसं वळली, मशिदीमागच्या गल्लीकडं निघाली. त्यांच्या पाठीमागं मी ओरडायला हवं होतं. मी तेरा वर्षांची होते हे खरं आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला ओरडता येतं. मी ओरडले नाही. तुमच्यावरचा राग मी आयुष्यभर सांभाळला, त्यात माझा हा वाटा मी बाजूला काढून ठेवत आले.

चाचांचं घर लुटलं. त्यांना जिवे मारलं नाही, पण उजवा हात मनगटापासून मोडला. पाचव्या दिवशी त्यांचं सगळं कुटुंब एका बैलगाडीत बसून हैदराबादेकडं निघालं. गाडी आपल्या दारावरून गेली. चाचांनी ती थांबवली, हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. "बेटी, अब्बा है क्या घर में?" तुम्ही दाराच्या मागं होतात, तुमचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "न्हायत." त्यांनी गळ्यातलं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "उनकू बोलना, चुना पूरा भिगने देना. जल्दी नक्को करो." गाडी पुढं गेली. तुम्ही काय सांगितलं होतं ते त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. कळून बोलले असतील तर त्यांच्याएवढा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. न कळता बोलले असतील तर ते आणखीच वाईट.

काही महिन्यांनी त्याच भिंतीवर तुम्ही नवा झेंडा काढलात, खाली गांधीटोपीतली माणसं काढलीत. तुम्हाला हार घातला गेला. तो हार गळ्यात ठेवून तुम्ही घरी आलात, आणि चाचांबद्दल मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या दिवशी वाचता येत न्हाय म्हणून का सांगितलं न्हाय?" मला वाटलं परत मार बसेल. पण तुम्ही ओट्यावर बसलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "मग मला चित्रकार कोण म्हणलं असतं? परत पोतीच उचलाया लागली असती." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. ते चाचांसाठी आहे असं म्हणाल म्हणून मी वाट पाहिली, पण तुम्ही हार काढून खुंटीला अडकवलात.

तो झेंडा पुढच्या पावसाळ्यात टिकला नाही. चुना फुगला, पोपडे धरून खाली आला. तुम्ही दुसरा गवंडी पाहिलात, मग तिसरा. एकाचीही भिंत तुमचा रंग धरीना. दोन वर्षांत लोक लातूरहून पेंटर आणू लागले, पत्र्यावर ऑइल पेंट मारणारे. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं.

माझ्या लग्नात मात्र तुम्ही आपल्या घराची भिंत रंगवलीत. कलश, केळीचे खांब, दोन मोर, आणि मधोमध माझं नाव. कुणाकडून तरी कागदावर लिहून आणलं असणार. नावातला एक काना राहून गेला होता. तोवर मी भावकीतल्या पोरांच्या पाटीवरून मराठीही शिकले होते, त्यामुळं माझ्या ते लगेच लक्षात आलं. तुम्ही मला भिंतीपुढं उभं केलंत आणि विचारलंत, "कसं दिसतंय?" मी म्हणाले, "चांगलं हाय." वऱ्हाडातला एक मास्तर ते वाचून हसला. तो का हसतोय हे न कळता तुम्हीही हसलात. त्या वेळी मला तुमची कीव आली होती. मी ती आवरली.

ढोकीला नांदायला आल्यावर मी फार कमी वेळा माहेरी आले. आई गेली तेव्हा आले, तेराव्यानंतर लगेच परतले. हे पत्र कुठं धाडायचं नाही. मुलं-नातवंडं विचारतात, तुमचे वडील काय करायचे, तर ते बाजारात कामाला होते, एवढंच मी सांगते.

एक गोष्ट राहिली. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही शेजारच्या माणसाला ढोकीला पाठवलं होतं. तो दुपारी आला, म्हणाला, "अण्णानं बोलावलंय, लेकीला काहीतरी सांगायचंय म्हणत्यात." मी त्याला म्हणाले, मला ताप आहे, उतरला की येते. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याची खबर आली. मला ताप नव्हता, अण्णा. मी अंगणात पापड लाटत होते. तो गेल्यावर राहिलेले सगळे लाटले, वाळत घातले, आणि मग पोटभर जेवले.